ऊब कुणाच्या हाती?



आजची गोष्ट एका डबीची आहे. पुरीएवढी गोल, काचेच्या तोंडाची, भिंतीला लावलेली. आमच्या गटातल्या एक काकू या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, न्यू जर्सीला गेल्या होत्या. महिन्याभरापूर्वी परत आल्या त्या तिकडच्या बर्फाच्या, नेलेल्या डिंकाच्या लाडवांच्या आणि या डबीच्या गोष्टी घेऊन. पहिल्या दोन गोष्टी एका चहात संपल्या. डबीची मात्र संपेना.

झालं असं. बाळ बारा दिवसांचं. जावयांची रजा संपली आणि ते पहिल्यांदाच ऑफिसला गेले. बाहेर उणे पाच अंश. घर जुनं, लाकडी. वरच्या मजल्यावरच्या खोलीत लेकीनं बाळाला पाजलं, मायलेकी निजल्या, काकूंचाही डोळा लागला. दुपारी एकच्या सुमाराला जाग आली ती पाय गार पडल्यामुळे. बाळाचे तळवे हाताला थंड लागले. काकू जिना उतरून खाली आल्या. डबीवर आकडा होता ६३. तिकडे फॅरनहाइटमध्ये मोजतात. ६३ म्हणजे आपले सतरा अंश. सकाळी तो ७२, म्हणजे आपले बावीस होता. काकूंनी डबी फिरवून पाहिली, तर तिनं चार आकडी कोड मागितला. लेकीला उठवलं, तर कोड तिलाही ठाऊक नव्हता. जावयांना फोन लावला, ते मीटिंगमध्ये. पंचवीस मिनिटांनी त्यांनी फोन उचलला, बसल्या जागेवरून बोट फिरवलं, आणि तळघरातली भट्टी घुर्र करून सुरू झाली.

कारण संध्याकाळी कळलं. घरात कोणी नसलं की ही डबी आपण होऊन ऊब कमी करते, गॅस वाचावा म्हणून. घरात कोणी आहे का, हे ती दोन गोष्टींवरून ठरवते. समोरून कोणी हललं का, आणि नोंदवलेला मोबाइल घराच्या आसपास आहे का. डबी होती खालच्या हॉलमध्ये, तिथे सकाळपासून कोणी फिरकलं नव्हतं. नोंदवलेला मोबाइल एकच, जावयांचा, तो गेला ऑफिसला. घरात तीन बायका होत्या, एक साठीची, एक तिशीची आणि एक बारा दिवसांची, आणि डबीच्या हिशेबात घर रिकामं होतं.

जावई काही वाईट नाहीत. काकूंना ते स्वतःच्या हातानं चहा करून देत, रात्री बाळाचे लंगोट बदलत. त्यांना फार वाईट वाटलं. पण आम्हाला प्रश्न पडला तो पडलाच. घरातली ऊब ही बाईच्या हातातली गोष्ट. ती भिंतीवर कधी चढली आणि तिथून फोनमध्ये कशी गेली? आम्ही शोधत बसलो, आणि जे सापडलं ते आज सांगणार आहोत.

आधी आपल्या घरचं आठवू या. रात्री जेवणं झाली की चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, पहाटे राख बाजूला सारून फुंकर घालायची. विझलाच, तर शेजारून वाटीभर विस्तव आणायचा. बंबात ढलप्या घालायच्या त्या पाणी किती जणांना लागणार हे मोजून. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची, आणि शेक पुरे झाला हे आजीचा तळहात सांगायचा. (बंद खोलीतला कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो, तो करू नका, हे सांगून ठेवतो. काकूंचा प्रश्न तर परस्परच सुटला. तिकडच्या घरांत छताला धुराचा भोंगा असतो; फोडणीलासुद्धा वाजतो.) सांगायचा मुद्दा, विस्तव होता तिथे त्याच्याकडे बघणारं माणूस होतं, आणि ते बहुतेक बाई होतं.

थंड मुलखात हेच काम पाच-सहा महिने, रात्रंदिवस, सगळ्या घरासाठी करायचं असतं. म्हणून विस्तवानं स्वतःच स्वतःकडे बघावं, ही इच्छा तिकडे फार जुनी आहे. ती पहिल्यांदा पुरी झाली ती मात्र माणसांसाठी नाही, कोंबडीच्या अंड्यांसाठी.

हॉलंडमधल्या आल्कमार गावचा कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा एक माणूस १६२०च्या आसपास इंग्लंडमध्ये होता. पहिल्या जेम्स राजाच्या पदरी. हरहुन्नरी गडी, पाण्याखालून चालणारी नाव करून त्यानं लंडनला थेम्स नदीत चालवून दाखवली होती. त्यानं अंडी उबवण्याची एक पेटी केली. खाली विस्तव, वर पाण्यानं वेढलेली पेटी, आत अंडी. त्या पाण्यात त्यानं मद्यार्कानं भरलेली एक नळी ठेवली आणि तिच्या तोंडाशी पारा. पेटी फार तापली की मद्यार्क फुगायचा, पारा वर ढकलला जायचा, पाऱ्यावर टेकलेली काडी वर उचलली जायची आणि विस्तवाला वारा देणारं भोक झाकलं जायचं. विस्तव मंद. पेटी निवली की उलट. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून जे करते, ते या पारा आणि काडीनं केलं. माणसाचा हात न लागता ऊब राखणारं हे पहिलंच यंत्र मानतात.

अंड्यांवरून आठवलं. पॅरिसच्या मॅटर्निटी इस्पितळात स्तेफान तार्निए नावाचे डॉक्टर होते. त्यांनी प्राण्यांच्या बागेत अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशीच पेटी का असू नये? बागेत ती पेटी करणाऱ्या ओदिल मार्तॅं यांच्याकडूनच त्यांनी ती करून घेतली. १८८० साली ती इस्पितळात आली. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ बघून आपला जीव गोळा होतो, त्या पेटीची आजी कोंबड्यांची आहे.

आता डबीच्या पोटातली खरी युक्ती. ती एका घड्याळजीची. इंग्लंडचा जॉन हॅरिसन जहाजावर चालतील अशी घड्याळं करायचा. उन्हाथंडीनं घड्याळाचे भाग लांब-आखूड होतात आणि वेळ चुकते, म्हणून त्यानं १७५०च्या दशकात पितळ आणि पोलाद यांच्या दोन पट्ट्या एकीला एक जोडल्या. पितळ तापलं की जास्त लांबतं, पोलाद कमी. दोघी एकमेकींना बांधलेल्या, मग लांबणारी जाणार कुठे? पट्टी वाकते. निवली की सरळ होते. ग्लासगोत रसायनशास्त्र शिकवलेले अँड्र्यू युअर यांनी १८३० साली अशाच वाकणाऱ्या पट्टीनं कारखान्यातली ऊब सांभाळण्याचं पेटंट घेतलं आणि त्याला नाव दिलं थर्मोस्टॅट. ग्रीक शब्दांवरून, उष्णता जागच्या जागी ठेवणारा.

ही पट्टी तुमच्या घरातही आहे, मैत्रिणींनो. इस्त्रीला सुती, रेशमी, नायलॉन लिहिलेली चकती असते ना? इस्त्री तापली की टक् आवाज होऊन लाल दिवा विझतो. ती पट्टी वाकली. थोड्या वेळानं परत टक्. सरळ झाली. जुन्या गीझरच्या पोटातही अशीच धातूच्या फुगण्यावर चालणारी कळ असते. म्हणजे थर्मोस्टॅट ही अमेरिकेची मिजास नाही, आपण रोज तो हाताळतो, नाव तेवढं घेत नाही.

आता अमेरिकेत जाऊ. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथे शिक्षक तयार करणारं विद्यालय होतं, आपल्या डी.एड. कॉलेजसारखं. वॉरन जॉन्सन तिथे शिकवायचे. हिवाळ्यात सगळ्या इमारतीला तळघरातल्या भट्टीची ऊब. पण भट्टीवाला तळघरात आणि वर्ग वर. त्यामुळे शाळेचा शिपाई दर थोड्या वेळानं वर्गात यायचा, थंडी आहे का उकडतंय बघायचा, आणि खाली जाऊन झडपा कमीजास्त करायचा. शिकवताना सारखं दार उघडतंय, थंड वारा आत येतोय, पोरांची मान तिकडे वळतेय. जॉन्सन वैतागले. त्यांनी भिंतीवर वाकणारी पट्टी बसवली आणि तिच्यातून तार काढून तळघरात घंटा लावली. वर्ग गार पडला की खाली घंटा वाजायची. १८८३ साली याचं पेटंट मिळालं. नाव ठेवलं होतं इलेक्ट्रिक टेलि-थर्मोस्कोप.

टेलि म्हणजे दूर. टेलिफोनमधला टेलि. लांबून ऊब सांभाळणं ही काल-परवाची गोष्ट असेल असं आम्हाला वाटत होतं, तर पहिल्या विजेच्या यंत्राच्या नावातच ते दूरपण निघालं. पण एक फरक बघा. वर्गातली पट्टी सांगायची आणि लांबचा माणूस ऐकायचा. थंडी जिथे होती, हुकूम तिथून निघायचा. न्यू जर्सीत त्या दुपारी हुकूम ऑफिसातून निघाला.

त्याच सुमाराला मिनियापोलिस शहरात अल्बर्ट बुट्झ नावाचे स्वित्झर्लंडहून आलेले गृहस्थ होते. त्यांनी घंटेची आणि शिपायाची गरजच काढून टाकली. खोली निवली की पट्टी वाकून विजेचा जोड जुळायचा, चावी दिलेल्या यंत्राची खीळ सुटायची, त्याचं चाक अर्धा फेरा फिरायचं आणि साखळीनं भट्टीची झडप उघडायची. वारा मिळाला की कोळसा फुलायचा. खोली तापली की आणखी अर्धा फेरा, झडप बंद. १८८६चं हे पेटंट. यातून निघालेली कंपनी हातोहात फिरत १९२७ साली मार्क हनीवेल यांच्या कंपनीशी जोडली गेली. हनीवेल हे नाव तुम्ही एखाद्या एसीवर वाचलंही असेल.

या झडपेची थोरवी कळायला कोळशाची भट्टी म्हणजे काय ते माहीत पाहिजे. पहाटे थंडगार घरात उठायचं, तळघरात उतरायचं, जाळी हलवून राख पाडायची, राखेचे घट्ट गोळे काढायचे, नवा कोळसा घालायचा, झडप उघडायची, घर तापेपर्यंत थांबायचं, मग झडप अर्धी करायची. विसरलं तर घर भाजून निघतं नाहीतर भट्टी विझते. रात्री निखारे झाकायचे. हो, अगदी आपल्यासारखेच, राखेखाली. भट्टी हे तिकडे पुरुषाचं काम म्हणत. पण पुरुष दिवसभर बाहेर, आणि झडप बघायला जिना उतरून जायचं ते घरातल्या बाईनं, कडेवर मूल घेऊन.

म्हणून थर्मोस्टॅटनं बाईचं काम हलकं केलं असं सरळ म्हणून टाकावंसं वाटतं. जरा थांबू या. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’, म्हणजे ‘आईला आणखी काम’, असं पुस्तक लिहिलं. त्या म्हणतात, घरात लोखंडी चूल आली तेव्हा लाकूड कमी लागू लागलं, पण लाकूड फोडणं पुरुषांचं आणि पोरांचं काम होतं. वाचलं ते त्यांचं. त्या चुलीवर एका वेळी दोन-तीन पदार्थ होऊ लागले, म्हणून बाईचा स्वयंपाक मात्र वाढला. आम्हाला हे पटतं. मिक्सर आला म्हणून कुणाच्या घरी चटण्यांचे प्रकार कमी झाले? तरी भट्टीच्या बाबतीत आम्ही थोडं वेगळं म्हणू. पहाटे गारठ्यात कुणालाच उठावं लागू नये, ही चांगलीच गोष्ट झाली. ती ज्यानं केली त्याचे आभारच.

ऊब आणि घर यांवर बायकांनीही डोकं चालवलं आहे, हे कुठे फारसं सांगितलं जात नाही. कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो या बहिणींनी १८६९ साली गृहिणींसाठी जे जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात शेगड्या, भट्ट्या, धुराडी आणि खेळती हवा यांवर प्रकरणं आहेत. आणि काकूंची लेक ज्या न्यू जर्सीत राहते, तिथल्याच मॉरिसटाउनमध्ये अ‍ॅलिस पार्कर नावाची एक कृष्णवर्णीय बाई होती. २३ डिसेंबर १९१९ या दिवशी तिला पेटंट मिळालं. कोळशाऐवजी गॅसवर चालणारी भट्टी, आत एक नव्हे तर कित्येक बर्नर, प्रत्येकाची गरम हवा वेगळ्या नळीनं वेगळ्या खोलीत, आणि प्रत्येकाची ऊब वेगळी कमीजास्त करता येणारी. तारीख पुन्हा बघा, १९१९. त्या वर्षी अमेरिकेतल्या बायकांना देशभरात मताचा हक्कसुद्धा मिळाला नव्हता, तो पुढच्या वर्षी मिळाला. पार्करबाईंची भट्टी जशीच्या तशी बाजारात आली नाही. पण तिनं धरलेला धागा नेमका होता. घर एक असलं तरी त्यातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत असतात. काकूंच्या दुपारी हीच गोष्ट डबीला कळली नव्हती.

पुढचा काळ भराभर सांगतो. कोळसा जाऊन तेल आणि गॅस आला, राख गेली. १९५३ साली हनीवेलनं हेन्री ड्रेफस यांच्याकडून रेखून घेतलेला गोल, सोनेरी थर्मोस्टॅट विकायला काढला, आणि तो अमेरिकेतल्या घराघरांत गेला. आत वाकणाऱ्या पट्टीचं वेटोळं आणि काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब. फिरवला की समजतो, न शिकवता, म्हाताऱ्यालाही आणि पोरालाही. कोड नाही, नाव नाही. जवळ उभा असेल त्याचा.

मग १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं आणि घरातला हा आकडा एकदम सरकारी मामला झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी लोकांना घरातली ऊब सहा अंशांनी उतरवायला सांगितली. १९७७च्या फेब्रुवारीत जिमी कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि म्हणाले, दिवसा ६५, रात्री ५५ ठेवा. ५५ म्हणजे आपले तेरा! बाळंतिणीला हे कसं चालावं, याचा त्या भाषणात विचार असेल असं वाटत नाही.

बरोबर ऊब म्हणजे किती, हे ठरवलं कुणी? याचंही शास्त्र आहे. डेन्मार्कचे ओले फांगर यांनी १९६०च्या दशकात माणसाला सुखाची वाटणारी ऊब गणितात बसवली, आणि इमारतींचे नियम त्यावर बेतले गेले. २०१५ साली हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी दाखवलं की त्या हिशेबात शरीर किती उष्णता तयार करतं याचा आकडा सरासरी पुरुषाचा धरला होता. बाईच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त ठरू शकतो. बँकेत, ऑफिसात एसीखाली बसून पदर लपेटून घेणाऱ्या बायकांना हे संशोधन न करताच ठाऊक होतं. पण कागदावर आलं हे बरं झालं.

आणि आता आपली डबी. टोनी फॅडेल हे आयपॉड तयार करणाऱ्यांतले एक. कॅलिफोर्नियात ताहो तलावाजवळ त्यांनी सुट्टीचं घर बांधायला घेतलं, आणि बाजारातले थर्मोस्टॅट बघून ते वैतागले. रिकाम्या घरात ऊब जाळायची नाही, पण पोचायच्या आधी घर उबदार हवं. थर्मोस्टॅट फोनवरून चालवण्याची सोय दुसऱ्या कंपन्यांनीही काढली होती, पण २०११च्या ऑक्टोबरात फॅडेल आणि मॅट रॉजर्स यांचा नेस्ट आला तो गाजला. तुम्ही तो काही दिवस फिरवा, तो तुमच्या सवयी शिकतो, पुढे आपण होऊन चालवतो. जानेवारी २०१४मध्ये गूगलनं ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घेतली. आणखी दोन वर्षांनी, जानेवारीतच, सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीनं अनेक डब्यांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत लोकांची घरं गारठली. पितळ-पोलादाच्या पट्टीला असं काही झालं नसतं, हे म्हाताऱ्यांसारखं बोलणं झालं, पण खरं आहे.

काकूंच्या लेकीकडे स्मार्ट डबी बसवली ती काकूंच्या डोळ्यांसमोरच, बाळंतपणाच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी. आधी भिंतीवर तोच जुना सोनेरी गोल होता. काकूंनी टॉर्च धरला होता, म्हणून त्यांना सगळं आठवतं. जावयांनी आधी मेन स्विच पाडला. मग जुन्याचं झाकण काढून तारांचा फोटो घेतला, आणि कुठली तार कुठे होती त्याच्या चिठ्ठ्या तारांना चिकटवल्या. अशा तारा चोवीस व्होल्टच्या असतात, आपल्या घरातल्या २३०च्या नाहीत. तरी स्विच पाडल्याशिवाय हात लावायचा नाही. लाल तारेतून वीज येते, पांढरी भट्टीला हाक मारते. जुन्या थर्मोस्टॅटला या दोन पुरायच्या, कारण त्याला स्वतःला वीज लागतच नव्हती, तो फक्त जोड जुळवायचा आणि तोडायचा. नवी डबी मात्र सतत जागी असते, वायफाय धरून बसते, म्हणून तिला स्वतःच्या पोटासाठी आणखी एक तार लागते. तिला सी-वायर म्हणतात. जुन्या घरात ती नसते, आणि निम्मा रविवार तिच्यातच गेला. तळघरातल्या भट्टीपासून भिंतीतून नवी तार ओढून घ्यावी लागली. जुना गोल पाऱ्यामुळे कचऱ्यात टाकता येत नाही, जमा करून द्यावा लागतो, म्हणून तो खणात गेला.

डबी भिंतीला बसली, स्विच वर केला, काच उजळली. मग तिनं ईमेल विचारला. जावयांनी आपला घातला. पासवर्ड विचारला, त्यांनी ठेवला. मोबाइल विचारला, त्यांचा हातातच होता. कोड घातला, घरी येणाऱ्या पोरांनी डबीशी खेळू नये म्हणून. लेक तेव्हा सोफ्यावर पाय वर करून बसली होती, पायाला सूज होती. कुणाचं नाव घालायचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही, तो कुणाच्या मनातही आला नाही. काकू म्हणतात, “मी टॉर्च धरून उभी होते गं, मलासुद्धा नाही सुचलं.”

या घरात ते भोळेपणानं झालं. सगळीकडे तसं होत नाही. २०१८च्या जूनमध्ये न्यू यॉर्क टाइम्सनं एक बातमी छापली. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या छळाला कंटाळलेल्या बायका मदतीसाठी फोन करतात, त्या वेगळ्याच तक्रारी सांगू लागल्या होत्या. एकीनं एसी लावला की तो आपोआप बंद व्हायचा. एकीच्या दाराच्या कुलपाचे आकडे रोज बदलायचे. एकीला बेल ऐकू यायची, दारात कोणी नसायचं. घर सोडून गेलेला पुरुष फोनवरून घर चालवत होता. बायकांना वाटायचं आपल्यालाच भास होतायत, आणि सांगितलं तर लोकांनाही तसंच वाटायचं. त्या बातमीत एक साधी गोष्ट होती. अशी उपकरणं बहुतेक घरांत एकच माणूस बसवतो, आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो. बसवणारा बहुतेक वेळा पुरुष असतो.

हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये फोनवर चालणारे एसी, गीझर आणि दाराचे कॅमेरे आले आहेत. आपल्या गावातही दुकानात कॅमेरा बसतो आणि तो कुणाच्या फोनवर दिसतो हे आतल्या बाईला माहीत नसतं. गटातल्या आम्हा सातजणींपैकी चौघींच्या घरी वायफाय आहे. पासवर्ड आम्हा चौघींपैकी एकीलाच पाठ होता. हे सांगताना आम्हाला जरा लाजच वाटली.

न्यू जर्सीत त्या संध्याकाळी काय झालं ते सांगायचं राहिलं. जावयांनी मोबाइल लेकीच्या हातात दिला आणि म्हणाले, तूच कर. तिनं डबी पुसून कोरी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी ईमेल तिचा. मग जावयांना दुसरं माणूस म्हणून जोडलं, आणि काकूंचा फोन तिसरा. कोड काढून टाकला. बाळाच्या खोलीसाठी रुपयाएवढं एक वेगळं यंत्र मागवलं, त्या खोलीची ऊब मोजून डबीला कळवणारं. रात्री डबी हॉलचं ऐकत नाही, त्या खोलीचं ऐकते. आणि घर रिकामं आहे असं आपल्या मनानं ठरवण्याची सोय तीन महिन्यांसाठी बंद केली.

काकू इकडे आल्या तरी त्यांचा फोन त्या घराला जोडलेलाच आहे. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना तिकडचा आकडा कमी वाटला म्हणून त्यांनी इकडून तो दोननं वाढवला. दहा मिनिटांत लेकीचा फोन. “आई, आम्ही घामाघूम झालोय. हात लावायच्या आधी विचारत जा ना.” काकूंना राग आला, मग हसूही आलं.

परवा आमच्यासमोरच त्यांनी फोन उघडून दाखवला. आपल्याकडे दुपारचा दीड, तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. बाहेर ३०, आत ७०, बाळाच्या खोलीत ७१. काकू थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. बोट काही लावलं नाही. “आता दूध प्यायला उठेल,” असं म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकला.